पावसाळा काढलेला कॅमेरा

आमच्या घरमालकांना कुणी देवमाणूस म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. ते गेले तेव्हा भेटायला कोल्हापूरची अर्धी शाहूपुरी लोटली होती आणि जो तो हेच म्हणत होता. मी मालकांच्या बायकोच्या, काकींच्या शेजारी भिंतीला टेकून गप्प बसले होते, कारण तोंड उघडलं असतं तर तिथंच भांडण झालं असतं. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे मलाही कळतं. पण त्याच्यावर चिडता येतं, आणि ते मी अजून सोडलेलं नाही.

मालक गुळाचे अडते होते. शेतकऱ्याच्या ढेपा दुकानात उतरवून घ्यायच्या आणि सौद्यात व्यापाऱ्यांना विकून द्यायच्या, हा त्यांच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मूळ गाव गडहिंग्लजच्या बाजूचं. काकींशी बोलणं कानडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि रागावले की दोन्हीत. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी, बंडीच्या खिशात गुळाचा खडा. बोलताना मध्येच तो खडा काढून चाटायचे आणि परत खिशात टाकायचे. काकी बंडी धुताना त्या खिशाला रोज शिव्या घालायच्या.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नवी नोकरी होती. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, जात, पगार, काहीच विचारलं नाही. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, “एक पावसाळा राहा. मग बघू.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे? चैत्रात समदाच गूळ चांगला दिसतोय बाई. पिवळाधमक, ठणठणीत. खरा कळतोय आषाढात. पाझरला की समजायचं, लबाड हाय. माणसाचं बी त्येच.”

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. गंमत बिंमत काही नव्हती. या माणसानं जगातली प्रत्येक गोष्ट एक पावसाळा थांबून जोखली होती. थोरल्या मुलीला सांगून आलेलं चांगलं स्थळ त्यांनी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत टांगून ठेवलं. जावई होऊ घातलेल्या त्या बिचाऱ्यानं पावसाळाभर दर सोमवारी येऊन दुकानात ढेपा मोजायच्या. दमट गोदामात त्याला ताप भरला. “तापात बी कुरकुरला न्हाय,” असं म्हणून मालकांनी होकार दिला. कोल्हापुरात नवी चामड्याची चप्पल पावसात कुणी शहाणा माणूस घालत नाही. हे मुद्दाम घालायचे, तिचा लगदा करायचे आणि मग चपलेवाल्याच्या दारात जाऊन गल्ली गोळा होईपर्यंत ओरडायचे. निकालाचा दिवस ठरलेला, दसऱ्याच्या आदल्या दिवसाची खंडेनवमी. त्या दिवशी वजनं, तराजू, कोयता, विळी असं सगळं पुजेला मांडलं जायचं. पावसाळ्यात टिकलेली नवी वस्तू त्या रांगेत बसायची. न टिकलेली अंगणात भिरकावली जायची. माझा पहिला पावसाळा संपला त्या खंडेनवमीला त्यांनी माझ्या खोलीची दुसरी किल्ली झेंडूच्या फुलासकट माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी मला त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

आता कॅमेऱ्याचं सांगते.

राधानगरीच्या पुढं डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा एक सपाट सडा होता. उन्हाळ्यात गेलात तर नुसता तापलेला तवा. भाद्रपदात जायचं. त्या दगडाच्या खळग्याखळग्यांत बोटभर पाणी साचलेलं असायचं आणि त्या बोटभर पाण्यावर निळीजांभळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला आणि मध्येच गुलाबी तेरडा. पायाच्या अंगठ्यापासून पार लांबच्या कड्यापर्यंत फुलं, आणि कड्याखाली धुक्यानं भरलेली दरी. दोन-तीन आठवडे हा खेळ चालायचा. मग पाणी आटायचं आणि तांबडा दगड परत उघडा पडायचा. सरकारी कागदात या जागेचं वर्णन ‘पडीक, खडकाळ’ असं होतं. आणि त्या पडीक खडकाखाली बॉक्साइट आहे, तिथं खाण होणार आहे, अशी बोलवा त्या वर्षांत उठली होती.

माझ्याकडं साधा रोलचा कॅमेरा होता. त्यात जवळचं फूल धरलं की कडा पुसट व्हायचा. कडा धरला की फुलांचा रंगीत चिखल व्हायचा. मी ते फोटो घेऊन जिन्यात चिडचिड करत उभी होते, तेव्हा मालकांनी ते माझ्या हातातून ओढून घेतले.

“ह्यो कॅमेरा ताठ मानंचा हाय,” ते म्हणाले. “वाकत न्हाय, म्हणून जमीन धरत न्हाय. तुला भात्याचा कॅमेरा पायजे.”

मला त्या वेळी कळलं की आमच्या गुळाच्या अडत्याला कॅमेऱ्याचं वेड आहे. लहानपणी त्यांच्या दुकानाशेजारी एक फोटो स्टुडिओ होता. तिथं लाकडी, तिपाईवर उभा राहणारा, पुढं काच आणि मध्ये हार्मोनियमसारखा भाता असलेला कॅमेरा होता. मालक शाळा बुडवून त्याच्या मागच्या काळ्या फडक्यात डोकं घालून बसायचे आणि दुधी काचेवर उलटी दिसणारी शाहूपुरी बघायचे. पुढं वयाबरोबर हे वेड वाढलं. निपाणी, बेळगाव, इचलकरंजी, कुठल्या जुन्या फोटोवाल्याकडं कुठला कॅमेरा धूळ खातोय हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः मात्र जन्मात एक फोटो काढलेला नाही. विचारलं तर म्हणायचे, “फोटो कोण बी काढतंय. कॅमेरा ओळखायला अक्कल लागती.”

त्यांनी काकींच्या हातातली पिठाची परात ओढून घेतली. काकी ओरडल्या, “यव्वा, पीठ हाय की त्यात!” मालकांनी लक्षसुद्धा दिलं नाही. एक हात परातीमागं उभा धरला. “ही मागची फिल्लम. ही परात म्हंजे पुढची काच.” मग परात हळूच पुढं झुकवली. पीठ फरशीवर सांडलं. “पुढची फळी अशी वाकवली की कॅमेरा जमिनीला लवून बघतोय. पायातलं फूल बी साफ, त्या टोकाचा कडा बी साफ. कळलं तंगी?” कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. खूश असले की मी तंगी, नाहीतर बाई.

मला कळलं. मला असा एक फोटो दिसायला लागला की तो भिंतीएवढा मोठा केला तरी त्यातलं प्रत्येक फूल वेगळं मोजता येईल. जो कुणी त्या सड्याला पडीक म्हणेल त्याच्या नाकासमोर तो धरायचा. माझी सगळी आशा त्या एका फोटोवर बसली. मला पहिला भात्याचा कॅमेरा निवडायचा होता आणि मालक म्हणाले, “निवडायचं माझ्यावर सोड.” मी सोडलं.

आधी एक कॅमेरा मीच शोधून आणला, पुण्याच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतला. काळा, लोखंडी, एका दांड्यावर पुढंमागं सरकणारा. हवा तसा वाकत होता, हवा तिकडं वळत होता. मालकांनी उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यो दुकानात उभा करायचा कॅमेरा. सड्यावर कोण नेणार?”

“मी नेईन.”

“न्हे की.” त्यांनी गोदामातून एक ढेप आणली, पोत्यात घातली आणि काथ्यानं माझ्या पाठीवर बांधली. “कॅमेरा, तिपाई, फिल्लमची फळकुटं, समदं धरून एवढं वजन हुतंय. रंकाळ्यापर्यंत जाऊन ये.”

मी जिद्दीनं निघाले. ते पानाच्या पिंका टाकत मागून. वाटेत माझे दोन विद्यार्थी भेटले. एक भाजीवाला मालकांना म्हणाला, “काय पावणं, हमाल मिळाला न्हाय व्हय?” रंकाळ्याच्या अलीकडंच मी एका कट्ट्यावर बसकण मारली आणि पोत्यासकट रडले. मालक समोर उभे राहून म्हणाले, “ह्ये सपाट रस्त्यावर झालं. तिथं तर डोंगूर हाय.” त्यांचं म्हणणं खरं होतं. या माणसाची हीच खोड मला असह्य व्हायची. त्यांचं म्हणणं नेहमी खरं असायचं.

म्हणजे कॅमेरा लाकडी हवा, घडी होणारा हवा. पण लाकूड म्हटलं की मालकांचा नियम आला. “लाकूड पाणी पितंय. राधानगरीचा पाऊस म्हंजे काय शाहूपुरीचा पाऊस न्हाय. एक पावसाळा काढल्याबगार मी पास करणार न्हाय.”

निपाणीच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडून सागवानी कॅमेरा आला. पितळेच्या पट्ट्या, तांबडा भाता, बघत राहावं असा देखणा. मालकांनी तो माजघरात खुंटीला टांगला, मुद्दाम गळक्या कौलाखालच्या खुंटीला. पाऊस लागला. भाद्रपद आला, मी रोज जिन्यातून वाकून त्या कॅमेऱ्याकडं बघायचे. “नेऊ का?” “खंडेनवमीला.” खंडेनवमीला भाता उघडला तर घड्यांमध्ये पांढरी बुरशी आणि कोपऱ्यांत सरस सुटून सुईएवढी भोकं. काळ्या फडक्यात डोकं घातल्यावर भात्यात तारे चमकल्यासारखा उजेड दिसला. “बघ,” मालक आनंदानं म्हणाले, “लबाड निघाला.” कॅमेरा अंगणात गेला. सड्यावरची फुलंही गेली होती.

इथं त्यांच्या डोक्यातला घोटाळा कुणाच्याही लक्षात येईल. कॅमेरा पावसात टिकतो की नाही हे पावसाळाभर बघायचं आणि दसऱ्याला ठरवायचं. फुलं पावसाळा सरता सरता येणार आणि दसऱ्याआधी जाणार. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याची परीक्षा फुलांचा एक हंगाम गिळणार. मी हे त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. काकींनी समजावलं. जावयानं भीत भीत समजावलं. मालक गुळाचा खडा चाटत म्हणाले, “मग म्होरल्या साली काढ की. सडा काय पळून चाललाय? दगूड हाय त्यो.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. सडा काय पळून चाललाय? मला अजून झोपेत ऐकू येतं.

पुढच्या वर्षी बेळगावहून दुसरा आला. हा लहान, हलका, आणि याची फिल्मही मुंबईत सहज मिळणारी. पुढची फळी सुरेख झुकायची. मालकांनी खुंटीला टांगला. या वेळी मी ठरवलं होतं. भाद्रपदात मालक सकाळी सौद्याला गेले तशी मी कॅमेरा खुंटीवरून काढला, पिशवीत घातला आणि एसटी धरली. काकींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. उलट डब्यात भाकरी बांधून दिली.

सडा फुलला होता. मी गुडघे टेकले, तिपाई रोवली, काळं फडकं डोक्यावर घेतलं. काचेवर सगळं उलटं, पण रंग काय होते! आता फक्त पुढची फळी झुकवायची. फळी हलेना. माजघरातल्या ओलीनं आणि वरच्या धुक्यानं लाकूड फुगून गच्च बसलं होतं. मी ढकललं, ओढलं, दगडानं हळूच ठोकलं. शेवटी पितळी स्क्रू जोरात पिळला आणि त्याचे आटे गेले. फळी सुटली ती मान मोडल्यासारखी लोंबायला लागली. मी त्या फुलांमध्ये बसून कॅमेऱ्याला, पावसाला आणि मालकांना येतील तेवढ्या शिव्या दिल्या. ऐकायला म्हशी होत्या फक्त.

घरी आले तर मालक दारात. वाटलं, चोरी केली म्हणून आरडाओरडा करतील. तेही नाही. लोंबती फळी बघून त्यांचा चेहरा उजळला. “अडकला न्हवं?” त्यांनी विचारलं. “मी म्हनलं न्हवतं?” माझ्या हातून ते मोडकं लाकूड घेऊन ते गल्लीभर दाखवत फिरले. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

तिसरा कॅमेरा त्यांनी कुठूनसा पै-पाहुण्यांतून शोधून काढला. लाकूड इतकं जुनं की आणखी फुगायला त्यात काही राहिलंच नसावं. भाता जाड, काळ्या चामड्याचा. मालकांनी त्याचा वास घेतला, गुळाची ढेप दाबतात तशी अंगठ्यानं फळी दाबली. “ह्यो निघंल,” ते हळूच म्हणाले. पण नियम तो नियम. आदल्या वर्षीचा माझा पराक्रम लक्षात ठेवून या वेळी खुंटीऐवजी कपाट आलं. ओलीच्या भिंतीतलं, जाळीच्या दाराचं. कॅमेरा माझा, कुलूप त्यांचं. किल्ली बंडीच्या नाडीला.

आणि त्याच वर्षी खाणीची सुनावणी लागली, गणपतीनंतर लगेच. ज्याला हरकत असेल त्यानं येऊन सांगावं. मी मालकांच्या पाया पडले. खरोखर पाया पडले. आयुष्यात मी कुणापुढं इतकी वाकले नाही.

“मालक, या वर्षी नियम मोडा. आठ दिवसांसाठी द्या. सडा फुललाय. सुनावणीत दाखवायला मला तो एक फोटो पाहिजे.”

“आनि गेल्या सालागत अडकला तर? फुकट जाशील. खंडेनवमी होऊ दे.”

“तोवर सगळं संपेल! ते सडा खणणार आहेत!”

“सडा?” मालक हसले. मनापासून हसले. “अगं खुळी का काय तू? वरचं चार टोपल्या खरवडतील आन जातील. दगूड कोण नेतंय? त्यो कुठं पळून चाललाय?”

दुसऱ्या दिवशी ते बहिणीकडं संकेश्वरला निघून गेले, नाडीला किल्ली बांधून. मी कपाटाची जाळी धरून उभी राहिले. फोडायला हवी होती ती जाळी. काकी पाटा-वरवंट्यातला वरवंटा घेऊन आल्यासुद्धा. पण आदल्या वर्षीची लोंबती फळी माझ्या डोळ्यांपुढं होती, आणि म्हाताऱ्याचं म्हणणं नेहमी खरं असतं हे मला इतकं पटलेलं होतं की माझा हात उठला नाही. त्यांनी मला हेच शिकवलं, स्वतःच्या घाईवर विश्वास न ठेवायला.

सुनावणीत मी माझे जुने, हातात मावणारे फोटो दाखवले. साहेबांनी चष्मा वर करून बघितले. चांगला माणूस होता, उगाच कशाला खोटं बोलू. “बाई,” तो म्हणाला, “यात मला गवत दिसतंय.” मागं कुणीतरी हसलं. मी फुलांची नावं सांगायला लागले. लॅटिन नावं, मराठी नावं, कुठली वनस्पती किडे खाते, कुठली दुसरीकडं सापडत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खंडेनवमीला कपाट उघडलं. कॅमेरा कोरडा ठणठणीत. मालकांनी एका बोटानं पुढची फळी झुकवली, लोण्यातून सुरी जावी तशी ती गेली. त्यांनी तो पुजेच्या रांगेत तराजूशेजारी ठेवला, झेंडू वाहिला आणि आरोळी ठोकली, “पास!” माझ्याकडं वळून म्हणाले, “घे तंगी. आता जन्मभर बघायला नको.” मी तो घेतला आणि वर जाऊन खोलीचं दार इतक्या जोरात आपटलं की काकींच्या फडताळातली बरणी पडली.

हिवाळ्यात सड्यावर यंत्रं चढली.

पुढच्या भाद्रपदात मी कॅमेरा घेऊन निघाले. म्हटलं, एखादा कोपरा तरी राहिला असेल. मालक पायात चपला अडकवून आधीच दारात उभे. “मी बी येतो.” इतक्या वर्षांत ते कधी आले नव्हते. माणसं भरभरून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये कोंबून राधानगरीपर्यंत, पुढं खाणीच्या नव्या रस्त्यानं चालत. चांगला रुंद रस्ता केला होता. कॅमेरा, तिपाई, फळकुटं असं सगळं वजन मी पाठीवर घेऊन चालले आणि या वेळी मला ते जाणवलंही नाही.

वर पोचलो. सडा नव्हता. म्हणजे फुलं नव्हती असं नाही, सडाच नव्हता. जिथं मी उभी राहायचे ती जमीन घराच्या उंचीएवढी खाली गेली होती. तांबड्या चिखलाचं पाणी, यंत्राच्या दातांचे ओरखडे आणि पलीकडं कडा जिथं होता तिथं नुसतं आभाळ. एक डंपर मागं येत होता. ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडला, “ओ पावणं, सरका की बाजूला!”

मालक सरकले नाहीत. त्यांनी डंपरच्या पाठीमागच्या ढिगाकडं बोट केलं. “काय न्हेतोयस?”

“दगूड.”

“कुठं?”

“बंदरावर जातोय म्हंत्यात. म्होरं म्हाईत न्हाय.”

“आरं पर त्यो दगूड हाय की.”

“मग काय झालं आजोबा? दगूड बी खपतोय आता.”

मालक माझ्याकडं वळले. आयुष्यभर सौदे केलेला माणूस. कोण काय विकतो आणि कोण काय घेतो हे शाहूपुरीत त्यांच्याइतकं कुणाला कळायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी जन्मात बघितलं नव्हतं असं काहीतरी होतं.

“दगूड बी न्हेत्यात व्हय?” त्यांनी मला विचारलं.

आणि माझा बांध फुटला. मी काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. तुमची खुंटी, तुमचं कपाट, तुमची खंडेनवमी, तुमचा गूळ. तीन भाद्रपद तुम्ही माझे कुजवलेत. एक फोटो, फक्त एक फोटो हवा होता. मला माहीत आहे, फोटोनं खाण थांबत नाही. तो साहेब भिंतीएवढा फोटो बघूनही पुढच्या माणसालाच बोलावणार होता कदाचित. पण निदान तो सडा कागदावर तरी राहिला असता. आता तो कुठंच नाही. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून किंचाळत होते आणि ड्रायव्हर डंपर बंद करून बघत होता.

मालक एका दगडावर बसले. खिशातून गुळाचा खडा काढला, बघितला, चाटला नाही. मला ते त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. मला भांडण हवं होतं.

मग ते उठले. स्वतःच तिपाई उभी केली, कॅमेरा चढवला, भाता ओढला. काळं फडकं हातात घेऊन म्हणाले, “काढ.”

“काय काढू? खड्डा?”

“हाय ते काढ. उद्या ह्यो बी राहील का न्हाय, कुणाला ठावं.”

त्यांच्या तोंडून असलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. मी नाही म्हणणार होते. त्यांनी फडकं माझ्या डोक्यावर टाकलं आणि पुढं जाऊन एका बोटानं फळी झुकवली. काचेवर पायाजवळचे ओरखडे धारदार झाले आणि त्याच क्षणी लांबचा डंपरही. मी रडत रडत फोटो काढला.

फोटो उत्तम आला. त्यात मातीचा कण न् कण मोजता येतो. मालकांनी त्याची मोठी प्रत मागून घेतली आणि दुकानात आपल्या गादीच्या बरोबर समोर टांगली, उठता-बसता दिसेल अशी. एखादा व्यापारी विचारायचा, “ह्यो कुठला डोंगूर ओ?” मालक त्याच्यावर असे वसकन ओरडायचे की तो सौदा सोडून पळायचा. मला मात्र ते चुकलो असं कधी म्हणाले नाहीत. पुढच्याच वर्षी नवा इलेक्ट्रिक काटा आणून तो गळक्या कौलाखाली ठेवला. त्याचा पावसाळ्यात धूर निघाला आणि ते खूश झाले.

ते गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. सगळं डिजिटल झालंय. माझे विद्यार्थी त्या लाकडी पेटीकडं कौतुकानं बघतात आणि विचारतात, मॅडम, एवढं ओझं का नेता? मी नेते. दर भाद्रपदात नेते, खड्ड्याच्या काठावर उभी राहते आणि तिथं काय उरलंय ते काढते. काही सालं तिथं इतकं धुकं आणि इतका पाऊस असतो की माझे बूट कुजतात, छत्रीच्या काड्या गंजतात, तिपाईचे पाय चिखलात रुततात. मी फडक्यात डोकं घालते आणि पुढच्या फळीला बोट लावते. मनातून दर वर्षी वाटतं, आज तरी अडकू दे. एकदाच. म्हणजे घरी जाऊन काकींसमोर, मालकांच्या फोटोपुढं उभं राहून मला ओरडता येईल की बघा, तुमचा पास झालेला कॅमेरा, तुमचं एक तरी म्हणणं खोटं निघालं.

अडकत नाही मेला.